खैरनार बाई तासाला बसल्या

"कॉलेज सोडून आले मी," असं मी म्हटलं तेव्हा आबांचा हात ताटावरच थांबला. आई चुलीपुढून वळली.

"सोडून म्हणजे?" आबांनी विचारलं.

"म्हणजे परत जायचं नाही. नाशिकला जायचंच नाही आता."

"कोणी काही बोललं? काही केलं कोणी?"

"नाही."

"खानावळीचं जेवण सोसत नाही?"

"तसं काही नाही, आबा. मला तिथे राहायचं नाही, एवढंच."

आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं होतं, ते चिडतील, आवाज चढवतील. येताना एसटीत मी त्यांना द्यायची उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. पण त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "बरं. जूनमध्ये डी.एड.ला नाव घालू. मी तेच म्हणत होतो आधी." दोन घास खाऊन पुन्हा म्हणाले, "उद्या शाळेत जा आणि खैरनार बाईंना तूच सांग. त्यांना गावातून कळायला नको."

"जाणारच आहे," मी म्हणाले. "मला त्यांना विचारायचंच आहे."

ही एकोणसत्तर सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आमचं गाव सटाण्याच्या पुढे, मोसम नदीच्या काठचं. आबांची पिठाची गिरणी होती. एस.एस.सी. होऊन नाशिकच्या कॉलेजात गेलेली मी गावातली पहिली मुलगी, आणि मी गेले ती खैरनार बाईंमुळे. जूनमध्ये बाई आमच्या घरी आल्या, ओसरीवर बसल्या, चहाला नको म्हणाल्या आणि आबांशी बोलल्या. आबांचं म्हणणं सरळ होतं. डी.एड. केलं की शाळेत लागते, पोरगी मार्गी लागते. बाई म्हणाल्या, "मार्गी लागेल हो. पण तिच्या डोक्याला पुरेल असं काही तिला मिळू द्या. ते कॉलेजात मिळेल." आबा म्हणाले, "तुम्ही म्हणता तर जाऊ द्या."

बाई आम्हाला मराठी आणि इतिहास शिकवायच्या. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीचं सुती पातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. एकट्या राहायच्या. कुणी मास्तर रजेवर असले आणि रिकामा तास आला की बाई वर्गावर यायच्या आणि आम्ही ओरडायचो, "बाई, कॉलेजचं सांगा." मग त्या टेबलाला टेकून सांगायच्या. कॉलेजात पाठांतर विचारत नाहीत, तुम्हाला काय वाटतं ते विचारतात. सरांचं पटलं नाही तर उभं राहून तसं सांगता येतं आणि सर रागावत नाहीत, उलट त्यांना आनंद होतो. तिथल्या वाचनालयात छतापर्यंत कपाटं असतात आणि वरचं पुस्तक काढायला शिडी असते. शिडीवर चढायचं, हवं ते पुस्तक आपल्या हाताने काढायचं, आणि कधी कधी तिथेच, शिडीवर बसून, चार पानं वाचायची. बाहेर रुंद पायऱ्या असतात. तास संपला तरी मुलं-मुली तिथे बसून त्याच विषयावर वाद घालत राहतात.

मी आठवीपासून अकरावीपर्यंत हे ऐकलं. नाशिकला पाऊल ठेवलं तेव्हा मला त्या कॉलेजात काय काय असणार हे पाठ होतं.

काय होतं ते सांगते. वर्गात शंभरावर मुलं, आणि पुढच्या दोन बाकांवर आम्ही मोजक्या मुली. सर यायचे, हजेरी घ्यायचे आणि नोट्स सांगायचे. "मुद्दा पहिला. लिहा." तास संपेपर्यंत आम्ही खाली मान घालून लिहायचो. वाचनालयाला गजांची खिडकी होती. खिडकीतून चिठ्ठी आत द्यायची, आतला कारकून ती वाचायचा आणि म्हणायचा, "नाही." पायऱ्या मात्र होत्या. त्यांवर मुलं बसायची आणि आम्ही जवळून गेलो की शीळ घालायची. मुली तिथे थांबत नसत.

हे सगळंही मी सोसलं असतं. सप्टेंबरमध्ये गायधनी सर इतिहासाच्या तासाला इंग्लंडातल्या यंत्रांबद्दल सांगत होते. यंत्रमाग आले, उत्पादन वाढलं, कापड स्वस्त झालं. मला आमच्या गावातली साळी आळी आठवली. मालेगावचे यंत्रमाग वाढले तसे तिथले हातमाग एकेक करून गप्प झाले होते. माझ्या वर्गातली एक मुलगी त्याच पायी शाळा सोडून गेली होती. मी उभी राहिले. म्हणाले, "सर, एक शंका आहे."

मागच्या बाकावरून आवाज आला, "लघु की दीर्घ?"

सगळा वर्ग हसला. पुढच्या मुलीसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसल्या. सरांच्या ओठांवरही हसू आलं. त्यांनी ते लगेच आवरलं. "विचारा," ते म्हणाले.

"ज्यांचे हातमाग बंद पडले ती माणसं पुढे कुठे गेली?"

सरांनी हातातल्या कागदांकडे बघितलं. "ते परीक्षेला नाही," ते म्हणाले. "मुद्दा चौथा. लिहा."

त्या दिवसापासून माझं नाव शंका पडलं. फाटकात शिरले की कुणीतरी म्हणायचं, शंका आली. पाणी प्यायला गेले की म्हणायचं, शंका निघाली. दिवाळीत घरी गेले तेव्हा मी काही बोलले नाही. डिसेंबर उजाडला तेव्हा एका सकाळी अंघोळ करून, वेणी घालून मी वसतिगृहाच्या दारात उभी राहिले आणि मला कॉलेजच्या दिशेने पाऊल टाकवेना. मी स्टँडकडे वळले.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तेव्हा बाई मधल्या सुट्टीत एकट्याच वर्गात बसून वह्या तपासत होत्या. मला बघून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अगं मीनाक्षी. सुट्टी लागली एवढ्यात?"

"कॉलेज सोडलं मी, बाई."

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला. नोट्सचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं, शंकेचंही सांगितलं. बाईंनी मध्ये एकच विचारलं.

"शिडी नाहीच?"

"आत जाऊ देत नाहीत, बाई. शिडी असो नाहीतर नसो."

मी म्हणाले, "तुमच्या वेळचं वेगळं असेल. तुमचं कॉलेज कुठलं होतं? मला तिथे जायला हवं होतं."

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसू लागल्या. काचा स्वच्छ झाल्या तरी त्या पुसतच राहिल्या.

"मी कॉलेजात गेलेच नाही, मीनाक्षी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सातवीची फायनल झाले आणि मास्तरीण झाले. मॅट्रिक बाहेरून केलं, बी.ए.ही बाहेरून. परीक्षेपुरतं नाशिकला जायचे. तेव्हा कॉलेजला सुट्टी असायची. पेपर झाला की एसटीला वेळ असायचा, मग मी आवारात फिरायचे. वर्ग रिकामे. वाचनालयाला कुलूप. काचेला नाक लावून आत बघितलं होतं एकदा. कपाटं केवढी उंच." त्यांनी हात वर करून दाखवलं. "शिडी काही दिसली नाही. पण एवढ्या उंच कपाटांना शिडी असणारच ना, असं वाटलं."

"आणि सर विचारतात, तुम्हाला काय वाटतं, ते?"

"बाकावर बसून बघितलं होतं. रिकाम्या वर्गात. असं बसल्यावर कोणी काय विचारलं तर मला आवडेल, ते मनात आलं."

"मग आम्हाला खोटं का सांगितलंत?"

"मी गेले होते असं कधी म्हणाले का गं?"

मी आठवून बघितलं. खरंच त्या कधी तसं म्हणाल्या नव्हत्या. "कॉलेजात असं असतं," एवढंच म्हणायच्या. पण त्याने माझा राग कमी झाला नाही, वाढला. "माझ्या आबांशी भांडलात तुम्ही त्याच्यावर," मी म्हणाले. "मी पण भांडले. आणि तुम्हाला माहीतच नव्हतं काही."

"नव्हतं," बाई म्हणाल्या.

घंटा झाली. मुलं धावत आत येऊ लागली. मी निघाले तेव्हा बाई मागून म्हणाल्या, "तुझं सामान तिथेच असेल ना अजून?"

"हो. ट्रंक आणि वळकटी. आणायला जायचंय."

"रविवारनंतर जाशील? मी रजा काढते. मला एकदा दाखव." मग, मी नाही म्हणेन अशी भीती वाटल्यासारखं, त्यांनी घाईने जोडलं, "भरलेलं कॉलेज मी बघितलं नाही कधी. तू सोडलंस की मग मला कोण नेणार?"

नाही म्हणावं असं फार वाटत होतं. जमलं नाही. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई येताहेत तर बरंच आहे. ट्रंक उचलायला हात लागेल."

सोमवारी पहिल्या गाडीने आम्ही निघालो. बाईंनी ठेवणीतलं जांभळं पातळ नेसलं होतं. पिशवीत दशम्या होत्या, आणि एक कोरी वही.

"वही कशाला, बाई?"

"तासाला बसायचं तर वही नको?"

"तासाला?" मला वाटलं होतं, आवार दाखवायचं, सामान घ्यायचं आणि निघायचं. देवळ्यापासून चांदवडपर्यंत मी त्यांना समजावत होते. मुलं हसतील, सर बाहेर काढतील. बाई खिडकीतून बाहेर बघत हं हं म्हणत होत्या. पिंपळगाव गेलं तेव्हा म्हणाल्या, "पुढे बसायचं की मागे?"

"मुली पुढे बसतात."

"बरं झालं. मला लांबचं दिसत नाही."

फाटकातून आत शिरलो तेव्हा कॉलेज गजबजलेलं होतं. बाई थांबल्या. सायकली लावणारी मुलं, जिन्यावरून उतरणारा घोळका, कुणाला तरी हाक मारणारं कुणीतरी. बाई डोळे बारीक करून एकेक बघत होत्या. पायऱ्यांवरून कुणीतरी म्हटलं, "शंका आली." मी मान खाली घातली. मग दुसऱ्याने, बाईंकडे बघून, हळू पण ऐकू येईल असं म्हटलं, "दीर्घशंका पण आली बरोबर."

माझे कान तापले. बाईंनी मागे वळून बघितलं नाही. चार पावलं चालल्यावर माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "मेल्यांनी समास बरोबर केलाय." आणि पदराआड हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

गायधनी सर वर्गाच्या दाराशी आले तेव्हा बाई तिथे उभ्या होत्या. सर उंच, पाठीत जरा वाकलेले. त्यांना वाटलं, कुणाची तरी पालक आली आहे.

"काही तक्रार असेल तर ऑफिसात प्राचार्यांना भेटा," ते म्हणाले.

"तक्रार नाही, सर. मी मीनाक्षीच्या गावची शिक्षिका. आज तासाला बसू का?"

"कशासाठी?"

"ऐकायला."

सरांनी माझ्याकडे बघितलं, बाईंच्या हातातल्या वहीकडे बघितलं. "बसा," ते म्हणाले.

बाई माझ्याशेजारी बसल्या. हजेरी झाली. माझं नाव आलं तेव्हा मी "हजर" म्हटलं. आता आलेच होते तर. सरांनी कागद काढले. नवा विषय होता, फ्रान्समधल्या क्रांतीची कारणं. "मुद्दा पहिला. लिहा."

बाई लिहू लागल्या. मी काही वहीबिही आणली नव्हती, म्हणून मी त्यांच्याकडेच बघत राहिले. त्यांचं अक्षर फळ्यावर असायचं तसंच, वळणदार, आणि म्हणून सावकाश. दुसऱ्या मुद्द्याला त्या मागे पडल्या. मला वाटलं, सोडून देतील एखादं वाक्य, आम्ही सगळे द्यायचो तसं. पण त्यांनी हात वर केला.

"सर, 'सरदारवर्गाला' याच्यापुढे काय?"

मागे कुजबुज झाली. सरांनी वाक्य पुन्हा सांगितलं. पुढचं वाक्य सांगून झाल्यावर ते थांबले आणि त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवल्यावर पुढे गेले. मग प्रत्येक वाक्यानंतर ते तसंच करू लागले. तास संथ झाला. चौथ्या मुद्द्याला, पावाची टंचाई सांगताना, कागदात नसलेलं एक वाक्य सरांच्या तोंडून निघून गेलं: "बायका आधी रस्त्यावर आल्या, कारण रांगेत त्याच उभ्या असायच्या." बाईंनी तेही लिहिलं. पाचवा मुद्दा अर्ध्यावर असताना घंटा झाली. मुलं उठली. बाई वाक्य पूर्ण करत बसून राहिल्या, मग उठून टेबलाशी गेल्या. मी मागे उभी राहिले.

"सर, फार चांगलं झालं," त्या म्हणाल्या.

सरांना वाटलं, त्या टोमणा मारताहेत. त्यांच्या चेहऱ्यावर तसं दिसलं. मग बाईंचा चेहरा बघून त्यांना कळलं, तसं नाही. त्यांनी कागद उगाच सारखे केले. "नोट्सच आहेत," ते म्हणाले. "सगळीकडे असतात तशा."

"आमच्या मीनाक्षीची एक शंका राहिली होती. विणकरांची. मी हिला शाळेत हा विषय शिकवला, पण मलाही माहीत नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर..."

सरांना सप्टेंबर आठवत नव्हता. मी पुन्हा सांगितलं, साळी आळीसकट. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मलाही नीट ठाऊक नाही. बघावं लागेल." जरा थांबून, बाईंना उद्देशून, "पूर्वी मी नोट्स देत नव्हतो. असंच बोलायचो. मुलांनी सह्या करून प्राचार्यांकडे अर्ज दिला, सर शिकवत नाहीत, नुसत्या गप्पा मारतात. निकालही कमी लागला होता त्या वर्षी. मग द्यायला लागलो." हे त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. "चला. वाचनालयात असेल काही तर बघू."

प्राध्यापकांना आत जाता यायचं. कारकून उठून उभा राहिला. "सर, बाहेरच्यांना..."

"माझ्याबरोबर आहेत."

मी खिडकीच्या त्या बाजूला पहिल्यांदाच गेले. आत अंधुक होतं आणि जुन्या कागदाचा वास होता. कपाटं खरंच छतापर्यंत होती. शिडी नव्हती. कोपऱ्यात एक लाकडी स्टूल होतं, एका पायाने डुगडुगणारं. सर इतिहासाच्या कपाटापाशी शोधत राहिले. बाई दोन कपाटांमधल्या बोळात शिरल्या आणि पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवत चालू लागल्या. टोकाला पोचून त्या परत आल्या आणि कारकुनाला म्हणाल्या, "वरचं एक काढून बघू?"

"कुठलं हवंय? मी देतो काढून."

"कुठलं ते ठरवलं नाही. मला काढायचंय."

त्याने सरांकडे बघितलं. सरांनी मान डोलावली. मी स्टूल धरलं, बाई पातळ सावरत वर चढल्या. पुस्तक कसलं निघालं ते मला आज आठवत नाही. बाईंनी ते उघडलं, उभ्याउभ्याच पान वाचलं, उलटलं, पुढचं वाचलं. माझे हात भरून आले. कारकून घड्याळाकडे बघत होता. सर हातातलं पुस्तक तसंच धरून बाईंकडे बघत होते.

विणकरांचं त्या दिवशी काही सापडलं नाही.

बाहेर येऊन बाई सरळ पायऱ्यांकडे गेल्या आणि बसल्या. मुलं तास असल्यामुळे आत गेली होती. आम्ही दशम्या सोडल्या.

"बघितलंत ना?" मी म्हणाले. "मी सांगत होते तसंच आहे ना?"

"अगदी तसंच. एकही गोष्ट तू वाढवून सांगितली नव्हतीस."

"मग?"

"मग काय? मला आवडलं."

मला रागच आला. "काय आवडलं, बाई? त्यांनी नोट्स सांगितल्या. तुम्ही याहून चांगलं शिकवता."

बाईंनी घास गिळला. "शिकवत असेन. सतराव्या वर्षापासून शिकवतेय मी. पण मला कोणी शिकवलं नव्हतं गं. सातवीनंतर आज पहिल्यांदा मी बाकावर बसले आणि समोर कोणीतरी उभं राहून मला काहीतरी सांगत होतं. माझं राहिलं तर थांबत होतं." त्यांनी हात झटकले. "तुला ते रोज मिळतं म्हणून तुला त्याचं काही वाटत नाही. तेही बरोबर आहे. तुला जास्त हवंय. तू मागावंसच. चल, तुझी ट्रंक घेऊ."

राहा असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते, म्हणतील म्हणून. नाही कसं म्हणायचं तेही ठरवून ठेवलं होतं. वसतिगृहात त्यांनी माझी चादर घडी करून दिली, आरसा लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. टांग्यातून स्टँडवर आलो. हमालाने ट्रंक टपावर चढवली. आम्ही जागा धरून बसलो, कंडक्टर तिकिटं फाडू लागला, तेव्हा बाईंनी वही काढून उघडली.

"तो पाचवा मुद्दा अर्धाच राहिला. उद्या पूर्ण करतील ना सर?"

"करतील."

"मग तेवढा उतरवून मला पाठव."

"मी नसेन ना उद्या, बाई."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हो की," त्या म्हणाल्या. "विसरलेच मी." आणि वही मिटून पिशवीत ठेवली. एवढंच. पण त्यांचा चेहरा उतरला होता. मी नंतर पुष्कळदा विचार केलाय, हे त्यांनी मुद्दाम केलं असेल का. मला वाटत नाही. त्या खरंच विसरल्या होत्या. दिवसभर त्या कॉलेजात होत्या आणि मी कॉलेज सोडलंय हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

मी उठले. "एक दिवस थांबते. तेवढा मुद्दा घेते आणि येते."

"अगं, पण ट्रंक..."

कंडक्टर म्हणाला, "एकदा काय ते ठरवा बाई, गाडी सुटायची वेळ झाली." पण त्याने हमालाला हाक मारली. ट्रंक खाली आली, वळकटी आली. गाडी सुटली तेव्हा बाई खिडकीतून काहीतरी सांगत होत्या, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात आल्या आल्या विचारलं, "कालच्या बाई?"

"गावाला गेल्या. पाचवा मुद्दा मला पाठवायला सांगितलाय त्यांनी."

मागे कुणीतरी खसखसलं. सर म्हणाले, "लिहा," आणि कालच्याइतकंच सावकाश सांगितलं. पाचवा झाला तर सहावा होता. मग परिणाम आले. मग मी म्हटलं, हा विषय संपू दे. मग परीक्षाच तोंडावर आली.

जानेवारीत एक दिवस सर आले ते कागद न काढता उभे राहिले. "यांची एक शंका होती," माझ्याकडे बोट करून ते म्हणाले. मागून हशा आला. तो थांबेपर्यंत सर थांबले. मग त्या विणकरांबद्दल बोलू लागले. काही गिरण्यांत गेले, काहींनी यंत्रं फोडली, त्यांना शिक्षा झाल्या, काही जहाजात बसून परमुलखी गेले, आणि बरेचसे कुठे गेले ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. एकाने विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" सर म्हणाले, "नाही," आणि बोलत राहिले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नोट्स. वर्षभरात तो एकच तास तसा झाला. वाचनालयाची खिडकी मी बी.ए. होईपर्यंत खिडकीच राहिली. शंका हे नावही शेवटपर्यंत टिकलं, फक्त शेवटच्या वर्षी मुलं ते नोट्स मागायला येताना वापरायची.

मे महिन्यात गावी गेले तेव्हा बाईंकडे गेले. त्यांनी मला त्या सोमवारी संध्याकाळचं सांगितलं. आबा स्टँडवर आले होते, ट्रंक घ्यायला. बाई एकट्याच उतरल्या.

"पोरगी कुठंय?" आबांनी विचारलं.

"तिचा तास अर्धा राहिलाय," बाई म्हणाल्या. मग रस्ताभर दोघं गप्प चालले, आणि बाईंच्या घरापाशी आल्यावर त्यांना राहवेना. म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगायचंय. मी जूनमध्ये तुमच्याशी एवढी भांडले, पण मी कॉलेजात कधी गेलेच नव्हते."

"ते माहीत होतं मला," आबा म्हणाले.

"कसं?"

"बाई, मी तुमच्या हाताखाली चौथीला होतो. तेव्हापासून तुम्ही एक वर्ष तरी गाव सोडलंत का? मग कॉलेजात कधी जाणार?"

बाईंनी विचारलं, "मग पोरीला पाठवलंत कसं?"

"तुम्ही इतकं सांगत होता," आबा म्हणाले. "म्हटलं, असेल कुठेतरी."

हे ऐकून मी उठले आणि तशीच गिरणीवर गेले. आबा डब्यातलं धान्य वर ओतत होते. भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. मी तिथल्या पोत्यावर बसले. पट्टा फिरत होता, जातं घरघरत होतं. काही वेळाने आबा ओरडून म्हणाले, "काय शिकवतात गं तिथे?"

त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी विणकरांचं सांगायला लागले. मीही ओरडूनच सांगत होते. त्यांनी कानाला हात लावला, पुढे वाकले, तरी त्यांना काही ऐकू येईना. दारात दोन बायका डबे घेऊन थांबल्या होत्या. आबांनी त्यांना हाताने थांबा अशी खूण केली, खटका खाली ओढला, आणि पट्टा थांबेपर्यंत वाट बघून माझ्याशेजारी पोत्यावर येऊन बसले.

"आता सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून."